वार्निश मारल्यावर सैनिक पांढरे पडतात तेव्हा: लक्षणे, तपासण्या आणि उपाय

प्रतिकृती-सैनिक रंगवण्याच्या छंदातला सर्वांत जिव्हारी लागणारा बिघाड अगदी शेवटच्या पायरीवर होतो. प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर), मूळ रंग, वॉश (घड्यांत सावली भरणारा पातळ रंग), उजळलेल्या कडा, बेसवरची (सैनिकाच्या पायाखालच्या चकतीवरची) वाळू आणि गवत असे सगळे सोपस्कार पार पडलेले असतात. युद्धखेळाच्या टेबलावर सैनिक वारंवार बोटांनी उचलले जातात, तेव्हा रंग घासून निघू नये म्हणून वरून मॅट (चमक नसलेल्या) वार्निशचा फवारा मारला जातो, आणि थोड्याच वेळात आख्खी तुकडी पांढुरकी दिसू लागते. कोकणपट्टीत आणि मुंबई-ठाण्यात जून ते सप्टेंबर या काळात ही तक्रार हमखास येते. मात्र विदर्भातल्या कोरड्या मे महिन्यातही ती येते, आणि तेव्हा तिचे कारण अगदी उलटे असते.

स्वतःच्या आणि मित्रांच्या तुकड्यांवरचा हा दोष मी अनेकदा निस्तरला आहे. त्यातून एक गोष्ट पक्की झाली आहे: पांढरेपणा हा एकच दोष नव्हे, निदान सहा वेगवेगळ्या कारणांचे ते एकसारखे दिसणारे रूप आहे, आणि एका कारणावरचा उपाय दुसऱ्या कारणाला चिघळवतो. म्हणून कोणता पांढरेपणा आहे हे ठरल्याशिवाय काहीही करू नये. विशेषतः त्याच डब्यातला दुसरा हात मारून झाकण्याचा मोह टाळावा. बरे होण्याजोगे सैनिक मी याच दुसऱ्या हाताने कायमचे बिघडलेले पाहिले आहेत.

लक्षणे

पुढीलपैकी आपल्या सैनिकांवर काय दिसते ते आधी नीट पाहावे.

१. संपूर्ण सैनिकावर सारखीच दुधाळ झाक आहे, बोट फिरवल्यास पृष्ठभाग गुळगुळीत लागतो, आणि ही झाक फवारा मारल्यावर काही मिनिटांत उमटली आहे.

२. उंच भाग स्वच्छ आहेत, पण कोटाच्या घड्या, छातीवरच्या पट्ट्यांच्या कडा, काखा आणि बंदूक व छाती यांमधली फट येथे पांढरे साचले आहे.

३. पृष्ठभाग खरखरीत लागतो, बारीक कण दिसतात आणि बहुधा फवाऱ्याकडे असलेली एकच बाजू बिघडली आहे.

४. संगीन, तलवारीचा हात, झेंड्याची काठी अशा चिकटवलेल्या सांध्यांभोवतीच पांढरे वलय आहे. हे वार्निश मारण्यापूर्वीही दिसू शकते.

५. सैनिक ठीक आहे, केवळ बेस पांढरा पडला आहे.

६. वार्निशचा काहीही संबंध नसताना, कपाटात ठेवलेल्या जुन्या धातूच्या सैनिकावर महिन्यांनी किंवा वर्षांनी पांढरी भुकटी आली आहे, किंवा रंगाखाली फोड येऊन रंग उचलला जात आहे. हे सहावे लक्षण असेल तर खालची एकही तपासणी करू नये. थेट शेवटच्या भागाकडे जावे.

येथे रंगाचा एक फसवा खेळ लक्षात ठेवावा. नेपोलियनकालीन सेना रंगवणाऱ्यांना हा दोष ब्रन्सविक या जर्मन संस्थानाच्या काळ्या गणवेशावर, फ्रेंच पायदळाच्या गडद निळ्या कोटावर आणि ब्रिटिशांच्या ९५व्या रायफल्स पलटणीच्या काळपट हिरव्यावर लगेच दिसतो; ऑस्ट्रियन पायदळाच्या पांढऱ्या कोटावर तो असूनही दिसत नाही. म्हणून त्याच डब्याने गेल्या आठवड्यात ऑस्ट्रियन तुकडी छान झाली, हा डबा निर्दोष असल्याचा पुरावा होत नाही.

तपासण्या: फुकटपासून खर्चिकपर्यंत

पहिली तपासणी म्हणजे थांबणे. सैनिक पंख्याच्या थेट झोताबाहेर, कोरड्या खोलीत पूर्ण चोवीस तास ठेवावेत. वार्निशमधले द्रावक पहिल्या तासात बरेचसे उडतात, पण उरलेले सावकाश बाहेर पडतात, आणि सौम्य दुधाळपणा असेल तर त्यांच्याबरोबर अडकलेली थोडी ओलही निघून जाते. चोवीस तासांनंतर जे उरते तोच खरा दोष. त्यापूर्वी केलेला प्रत्येक उपाय अर्धवट ओल्या थरावर होतो आणि ओल आतच कोंडतो.

दुसरी तपासणी दिवसाच्या उजेडात करावी. पांढऱ्या एलईडी दिव्याखाली मॅट पृष्ठभाग मुळातच फिका दिसतो, कारण मॅट थर प्रकाश सगळीकडे विखुरतो. रंगवताना ओला आणि चमकदार दिसलेला निळा मॅट वार्निशखाली किंचित उतरलेला दिसणारच. हा दोष नसून मॅटपणाचा स्वभाव आहे. खिडकीजवळ, वार्निश न मारलेला एखादा सैनिक शेजारी ठेवून तुलना केली, की निम्म्या तक्रारी येथेच मिटतात. भिंग असल्यास याच वेळी घड्यांमध्ये पाहावे.

तिसरी तपासणी मला सर्वांत भरवशाची वाटते. स्वच्छ ब्रश पाण्यात बुडवून सैनिकाच्या पाठीवर, न दिसणाऱ्या जागी एक थेंब ठेवावा आणि ओल्या जागेचा रंग पाहावा. ओले असताना मूळ गडद रंग जसाच्या तसा परत आला आणि सुकताच पुन्हा पांढरे झाले, तर दोष पृष्ठभागावर आहे आणि तो दुरुस्त होतो. ओले असतानाही दुधाळपणा तसाच राहिला, तर तो वार्निशच्या थराच्या आत आहे आणि काम अवघड आहे.

असे का होते हे समजून घेतले, तर पुढचे सगळे उपाय आपोआप उलगडतात. पृष्ठभाग सूक्ष्म खड्ड्यांचा झाला की त्या खड्ड्यांतली हवा आणि वार्निश यांच्या सीमेवर प्रकाश विखुरतो आणि डोळ्याला पांढरे दिसते. हवेचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो याचे माप) १, पाण्याचा १.३३ आणि ॲक्रिलिक वार्निशचा सुमारे १.५ असतो. खड्ड्यांत हवेच्या जागी पाणी भरले की सीमेवरचा फरक कमी होतो, विखुरणे घटते आणि खालचा रंग दिसू लागतो. न्हाणीघराच्या दुधी काचेवर खरखरीत बाजूने पाणी उडाले की तेवढ्या जागेतून पलीकडचे दिसते, तोच हा प्रकार. पाण्याने जे तात्पुरते साधते ते चमकदार वार्निशने कायमचे साधता येते.

चौथी तपासणी कापसाच्या काडीची. आधी कोरडी काडी हलकेच फिरवावी. पांढरे पुसून काडीवर आले, तर तो वार्निशचा दोष नाही. तो हवेतच सुकलेला फवाऱ्याचा कण, गोंदाच्या वाफेचा थर किंवा बेसवरची बुरशी असू शकते. काडी स्वच्छ राहिली, तर दोष थराचाच आहे. काडी जोरात घासू नये, कारण मॅट पृष्ठभाग घासला की तेवढीच जागा चमकू लागते आणि आणखी एक डाग सांभाळत बसावे लागते.

सांध्यांभोवतीच्या वलयाचे उत्तर याच टप्प्यावर मिळते. झटपट चिकटणाऱ्या गोंदातल्या सायनोॲक्रिलेटची वाफ बाहेर पडते आणि हवेतल्या ओलाव्याने जवळच्या पृष्ठभागावर घट्ट होऊन पांढरी बसते. पोलीस तपासात वस्तूंवरचे बोटांचे ठसे उठवण्यासाठी हीच वाफ मुद्दाम, दमट पेटीत वापरली जाते. चिकटवलेले सैनिक लगेच झाकणाच्या डब्यात ठेवणे म्हणजे तीच पेटी घरी तयार करणे होय. गोंद अगदी थोडा वापरावा, डबा उघडा ठेवावा आणि लांबून पंख्याची हलकी हवा लागू द्यावी. आलेले वलय ओल्या काडीने बरेचसे निघते; उरलेले चमकदार वार्निशखाली लपते.

बेसचे कारण बहुधा त्याहून साधे असते. पांढरा फेव्हिकॉल सुकल्यावर पारदर्शक होतो, पण पावसाळ्यात वाळूच्या जाड थराखाली तो दोन-दोन दिवस ओला राहतो आणि वरून वार्निश मारल्यास त्याची ओल कोंडली जाते. वाट पाहणे एवढाच त्यावर उपाय आहे. दुसरी शक्यता बुरशीची. पालापाचोळा दाखवण्यासाठी वापरलेली चहाची पावडर, लाकडाचा भुसा किंवा वाळवलेली मुळे यांवर दमट कपाटात बुरशी सहज धरते, आणि भिंगातून तिचे तंतू स्पष्ट दिसतात. असा बेस खरवडून काढून नव्याने करावा. त्यावर वार्निश मारून काही साधत नाही.

पाचवी तपासणी फवारा मारण्याच्या वेळेची आणि हवेची. यासाठी काही शे रुपयांत मिळणारे आर्द्रतामापक यंत्र लागते, आणि पहिल्या लक्षणाचे बहुतेक सगळे रहस्य त्यात दडलेले आहे. डब्यातला वायू बाहेर पडताना प्रसरण पावतो आणि थंड होतो. सैनिकावर पडलेले द्रावक वेगाने उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातात. पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूच्या (ज्या तापमानाला हवेतल्या ओलीचे दव बनू लागते त्याच्या) खाली गेले की त्यावर हवेतले पाणी धरते, ते घट्ट होत असलेल्या वार्निशमध्ये मिसळते आणि थर सच्छिद्र, दुधाळ बनतो.

२८ अंश सेल्सिअस तापमान आणि ८५ टक्के सापेक्ष आर्द्रता ही मुंबईतली जुलै महिन्याची अगदी नेहमीची स्थिती आहे. या हवेचा दवबिंदू सुमारे २५ अंश येतो, म्हणजे सैनिकाचा पृष्ठभाग अवघा तीन अंशांनी थंड झाला तरी दव पडते. याच २८ अंशांना आर्द्रता ५० टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे साडेसोळा अंशांवर उतरतो आणि अकरा अंशांहून अधिक मोकळीक मिळते. डबा तोच, हात तोच, सैनिक तेच; फरक केवळ या मोकळिकीचा. माझ्या अनुभवात ६० टक्क्यांच्या आत निर्धास्तपणे फवारता येते, ७० पर्यंत अगदी पातळ हात चालतात, आणि त्यापुढे डबा कपाटात राहिलेला बरा. पाऊस थांबला आहे म्हणजे हवा कोरडी आहे असे समजू नये. सरीनंतरची उघडीप पुष्कळदा अधिक दमट असते.

वातानुकूलित खोलीतले सैनिक थेट दमट गच्चीत नेणे ही याच चुकीची वेगळी आवृत्ती आहे. २३ अंशांवर थंडावलेला धातूचा सैनिक २५ अंश दवबिंदूच्या हवेत नेला, की फवारा मारण्यापूर्वीच त्यावर दव धरलेले असते. प्लास्टिकच्या सैनिकापेक्षा धातूचा सैनिक बाहेरच्या तापमानाला यायला अधिक वेळ घेतो, म्हणून एकाच वेळी फवारलेल्या मिश्र तुकडीत काही वेळा केवळ धातूचेच सैनिक पांढरे पडलेले आढळतात. असे दिसले, तर कारण शोधण्याची गरज उरत नाही.

सहावी तपासणी डब्याची आणि हाताची. त्यासाठी काळा प्रायमर मारलेले प्लास्टिकचे चमचे हाताशी ठेवावेत. मॅट वार्निश म्हणजे चमकदार वार्निशमध्ये मिसळलेली अतिशय बारीक सिलिकाची पूड. डबा उभा राहिला की ती तळाशी बसते. आतली गोळी वाजू लागल्यापासून किमान दोन मिनिटे डबा हलवला नाही, तर आधी चमकदार वार्निश बाहेर येते आणि शेवटी पुडीचा गाढा लगदा उरतो. अर्धा संपलेला डबा एकाएकी पांढरे सोडू लागतो तो यामुळे. दुसऱ्या लक्षणाचे मूळही येथेच आहे. जाड हात मारला की ओले वार्निश घड्यांमध्ये ओघळते, द्रावक उडून जाते आणि साचलेली पूड तेथे पांढरी दिसते.

चमच्यावर एकदा २० ते ३० सेंटिमीटर अंतरावरून हलका, सरकता हात मारावा आणि एकदा मुद्दाम ५० सेंटिमीटरवरून. दूरच्या चमच्यावर खरखरीत कण दिसतील, कारण थेंब पृष्ठभागावर पोहोचण्यापूर्वीच सुकतात. नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात, गरम वाऱ्यात, हे कमी अंतरावरूनही होते. म्हणून तिसरे लक्षण दिसले तर दमटपणाला दोष न देता जवळून, सावलीत आणि वारा नसताना मारून पाहावे. चमचा नीट येत नाही तोपर्यंत सैनिक पुढे करू नये.

डबा कोणत्या प्रकारचा आहे हेही पाहावे. फवाऱ्याचे डबे विमानाने पाठवण्यावर कडक बंधने असल्याने छंदासाठीचे परदेशी वार्निश आपल्याकडे दुर्मीळ आणि महाग असते, आणि अनेक जण हार्डवेअरच्या दुकानातले, दुचाकी-मोटारींच्या रंगकामासाठीचे मॅट लॅकर (उडणाऱ्या द्रावकात विरघळवलेले वार्निश) वापरतात. ते वाईट नसते, पण त्यातले द्रावक फार वेगाने उडते आणि म्हणून दमट हवेत ते सर्वांत आधी पांढरे पडते. फर्निचरला लॅकर पॉलिश करणारे कारागीर पावसाळ्यात सावकाश उडणारे थिनर मिसळतात ते याच कारणाने. बंद डब्यात ती सोय नसते.

सातवी आणि शेवटची तपासणी वेळखाऊ आहे: वार्निशच्या खाली काय आहे ते शोधणे. त्याच तुकडीतला वार्निश न मारलेला सैनिक पाहावा. त्याच्या घड्यांतही फिके डाग असतील, तर दोष वॉशचा आहे. वॉशमध्ये फार पाणी घातले की रंगद्रव्य कडेला सरकते आणि खडूसारखी रेघ उरते. पाणी बोअरवेलचे जड असेल, तर त्यातले क्षारही तेथे बसतात. वॉश पातळ करण्यासाठी आरओचे किंवा बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड पाणी वापरावे. वॉश पुरता सुकण्याआधी वार्निश मारले असल्यास वॉशची ओलही वर येते.

दुरुस्ती: याच क्रमाने, आणि आधी एकाच सैनिकावर

पाण्याच्या थेंबाने रंग परतला असेल, तर ब्रशने लावायचे, पाण्यात मिसळणारे चमकदार ॲक्रिलिक वार्निश घ्यावे. मऊ ब्रशने पातळ हात द्यावा, घड्यांत साचलेले ब्रशच्या टोकाने टिपून घ्यावे आणि रात्रभर सुकू द्यावे. गरज पडल्यास दुसरा तसाच हात द्यावा. सूक्ष्म खड्डे भरले गेले की रंग परत येतो. सैनिक आता नुकत्याच तेल लावलेल्या पाटीसारखा चकाकेल, घाबरू नये. पूर्ण सुकल्यावर ब्रशचेच मॅट वार्निश, बाटली नीट हलवून, एकाच पातळ हाताने द्यावे. हा उपाय स्वस्त आहे आणि त्यातून सैनिक अधिक टणकही होतो. टेबलावर भरपूर हाताळल्या जाणाऱ्या तुकड्यांना अनेक खेळाडू मुळातच चमकदार थरावर मॅट थर देतात.

पृष्ठभाग खरखरीत असेल, तर चमकदार हात देण्यापूर्वी कोरड्या, ताठ केसांच्या ब्रशने सुटे कण झाडून घ्यावेत. रुतलेले कण मात्र निघत नाहीत. चेहऱ्यावर ते आले असतील, तर तो चेहरा पुन्हा रंगवावा लागतो, यावर आडवाट नाही.

थेंबाने रंग परतला नसेल आणि वार्निश लॅकर प्रकारचे असेल, तर कोरड्या दिवशी त्याच डब्याचा अगदी पातळ हात देऊन पाहता येतो. त्यातले द्रावक जुना थर किंचित विरघळवते आणि कोंडलेली ओल निघून जाण्याची संधी मिळते. आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत असेल तरच, पंचवीसेक सेंटिमीटरवरून, आणि केवळ एका सैनिकावर. सुरुवातीला ज्या दुसऱ्या हातापासून सावध केले तो हाच. फरक हवेचा आणि निदानाचा आहे. पाण्यात मिसळणारे वार्निश सुकल्यावर पुन्हा विरघळत नाही, त्यामुळे त्यावर हा उपाय लागू पडत नाही.

ऑलिव्ह तेलाचा हात फिरवून पांढरेपणा घालवण्याची युक्ती बरेच जण सांगतात. ती काम करते, कारण तेलही खड्डे भरते. पण ऑलिव्ह तेल सुकत नाही, धूळ धरते आणि त्यावर नंतर कोणतेही वार्निश नीट बसत नाही. प्रदर्शनाच्या आदल्या रात्रीची सोय म्हणून ठीक, दुरुस्ती म्हणून मी ती करणार नाही.

यानंतर उरतो तो पुन्हा रंगवण्याचा मार्ग. खोल सावल्या पांढऱ्या पडल्या असतील, तर तेथे पातळ गडद रंग भरून, उजळ कडा पुन्हा ओढून तुकडी सावरता येते. दोन फुटांवरून पाहिल्या जाणाऱ्या १५ मिलिमीटरच्या सैनिकांना एवढे पुरते, आणि खरे तर त्यांच्यासाठी याहून अधिक खटाटोप करू नये.

सगळा रंग उतरवणे ही शेवटची पायरी. कडक प्लास्टिकच्या आणि धातूच्या सैनिकांवरचा ॲक्रिलिक रंग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये काही तास ठेवून जुन्या टूथब्रशने निघतो. रेझिनचे सैनिक त्यात मऊ पडू शकतात, म्हणून आधी साच्याच्या टाकाऊ तुकड्यावर पाहावे. रंगाच्या दुकानातले थिनर किंवा ॲसिटोन प्लास्टिकला लावू नये. पॉलिस्टायरिन, म्हणजे हे कडक प्लास्टिक, त्यात विरघळते आणि सैनिकच उरत नाही. नायट्राइल हातमोजे घालावेत, खिडक्या उघड्या ठेवाव्यात, आणि जवळ गॅसची शेगडी किंवा देवघरातली उदबत्तीसुद्धा पेटती नसावी. ब्रिटनमधले छंदिष्ट याच कामासाठी पाणी न घातलेले डेटॉल वापरतात. तेही चालते, पण निघालेला रंग डेटॉलनेच धुऊन, कापडाने पुसून घेण्यापूर्वी सैनिकाला पाणी लागू देऊ नये. पाणी लागताच त्याचा चिकट लगदा होतो आणि घड्यांतून निघता निघत नाही.

पुढच्या तुकडीसाठी माझा सल्ला सरळ आहे. किनारपट्टीवर जून ते सप्टेंबर डब्याचे वार्निश वापरूच नये. ब्रशने किंवा एअरब्रशने (हवेच्या दाबावर चालणाऱ्या बारीक फवारणी-पेनाने) पाण्यातले वार्निश लावावे. ते सुकायला वेळ घेते, पण लॅकरसारखे दव ओढून घेत नाही.

कोठे थांबावे आणि कोणाकडे जावे

सैनिक दुसऱ्या कोणी मोबदला घेऊन रंगवलेले असतील, तर वरची एकही दुरुस्ती करण्यापूर्वी त्या रंगकर्मीला विचारावे. खाली ॲक्रिलिक आहे, इनॅमल आहे की तैलरंग, हे बाहेरून कळत नाही, आणि प्रत्येकाला वेगळे द्रावक उचलते.

रंगाच्या दुकानात कधीकधी "टू-पॅक क्लिअर मारा, कधीच पांढरे पडणार नाही" असे सांगतात. दोन घटक मिसळून बनणाऱ्या या मोटारींच्या वार्निशमध्ये आयसोसायनेट असते. त्याचा फवारा श्वासात गेल्यास कायमचा दमा जडू शकतो, आणि कापडी मास्क त्यापुढे निरुपयोगी असतो. हे काम गॅरेजच्या रंगकक्षात, योग्य श्वसनसाधने वापरणाऱ्या व्यावसायिकानेच करायचे असते. कोणत्याही फवाऱ्यानंतर चक्कर, छातीत घट्टपणा किंवा न थांबणारा खोकला जाणवला, तर मोकळ्या हवेत जावे आणि डॉक्टरांना दाखवावे.

आता सहावे लक्षण. जुन्या सैनिकांत शिशाचे प्रमाण मोठे असे. विल्यम ब्रिटन यांच्या कंपनीने १८९३ मध्ये पोकळ ओतकामाचे शिसे-मिश्रित सैनिक बाजारात आणले आणि १९६६ पर्यंत ते बनत राहिले. युद्धखेळासाठीच्या धातूच्या सैनिकांतही १९९० च्या दशकापर्यंत शिसे सर्रास असे. लाकूड, प्लायवूड, पुठ्ठा यांतून निघणारी ॲसिटिक आम्लाची वाफ दमट कपाटात कोंडली की शिशावर हल्ला करते आणि शिशाचे पांढरे कार्बोनेट तयार होते. ती भुकटी पुसली तरी परत येते, कारण धातूच खाल्ला जात असतो. त्यावर वार्निश मारल्यास क्रिया थराखाली चालूच राहते.

ही भुकटी विषारी आहे. ती फुंकू नये, कोरड्या ब्रशने झाडू नये, पॉलिश कागदाने घासू नये. हातमोजे घालून बाधित सैनिक वेगळा करावा, नंतर हात साबणाने धुवावेत, आणि मुलांच्या हाती तो लागू देऊ नये. वडिलोपार्जित किंवा मौल्यवान संग्रह असेल, तर घरगुती उपाय येथे संपतात आणि धातूंचे काम करणाऱ्या संवर्धकाकडे जावे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे कला-संवर्धन केंद्र आहे, आणि लखनौला सांस्कृतिक वारशाच्या संवर्धनासाठीची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. अशा ठिकाणी विचारणा करून योग्य व्यक्तीपर्यंत पोहोचता येते. विचारताना सैनिकाची छायाचित्रे, तो कशात आणि किती काळ ठेवला होता आणि त्यावर आजवर काय लावले गेले ही माहिती द्यावी.

तोपर्यंत न बाधलेले सैनिक लाकडी कपाटातून काढून काचेच्या फळीवर किंवा पॉलिप्रॉपिलिनच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावेत. जुन्या संचांचे मूळ पुठ्ठ्याचे खोके टाकून देऊ नयेत, कारण संग्राहक त्यांनाही किंमत देतात. पण सैनिक मात्र त्यांत परत ठेवू नयेत.